जुन्या व्हीजीए कार्डांवर ६४० × ४८०, २५६ रंग : मालवणातल्या कामाच्या नोंदी

काम एवढेच: डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, टर्बो सी++ ३.० हा कंपायलर वापरून, तीन जुन्या ग्राफिक्स कार्डांवर ६४० × ४८० पिक्सेलमध्ये २५६ रंग आणायचे आणि मालवणच्या जेटीवरून काढलेला सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो नीट दाखवायचा. ज्यांना हेच करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी नोंदी ठेवतो आहे. मोड, पोर्ट, रजिस्टर, इंटरप्ट, सेगमेंट आणि फंक्शनचे आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) आहेत, बाकी सगळे आकडे नेहमीचे.

१४ जून २०२४

कुडाळचा एक फोटो स्टुडिओ बंद झाला, तिथला पेंटियम १३३ घरी आला. पैसे पडले नाहीत, रिक्षाभाडे तेवढे गेले. ३२ एमबी रॅम, आणि बोर्डावर कार्डांसाठी आयएसए (जुने) व पीसीआय (नंतरचे) दोन्ही स्लॉट आहेत, हे या कामासाठी सगळ्यात मोलाचे. हार्ड डिस्क मेलेली होती. तिच्या जागी आयडीई अडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवले (अडॅप्टर ३५० रुपये), त्यामुळे लॅपटॉपवरून फायली आणणे सोपे झाले.

कार्डे तीन. ट्रायडंट टीव्हीजीए ९०००, आयएसए, ५१२ केबी. सिरस लॉजिक जीडी-५४२२, आयएसए, १ एमबी. ही दोन पूर्वीपासून माझ्याकडे होती. तिसरे एस३ ट्रायो६४व्ही+, पीसीआय, २ एमबी; मुंबईहून कुरिअरने मागवले, सगळे धरून ११०० रुपये.

आमच्या पिढीने डिप्लोमाला ग्राफिक्स शिकले ते बीजीआयवर, म्हणजे टर्बो सीसोबत येणाऱ्या ग्राफिक्स लायब्ररीवर. तिचा इजीएव्हीजीए ड्रायव्हर ६४० × ४८० ला १६ रंगांवर थांबतो. २५६ रंग हवे असतील तर मोड १३, म्हणजे ३२० × २००, म्हणजे ६४,००० बाइट. कार्डावर अर्धा एमबी मेमरी असताना तिच्यातला आठवा भागच आपण वापरत होतो, आणि उरलेल्या मेमरीपर्यंत कसे जायचे हे कोणी शिकवले नव्हते. ही खंत बरीच वर्षे मनात आहे.

१६ जून

आज प्रोग्रॅमची एक ओळही झाली नाही. एस३ लावले की एक लांब आणि दोन आखूड बीप, म्हणजे बोर्डाला व्हिडिओ कार्ड सापडत नाही. ट्रायडंटवर पडदा येतो, पण अक्षरांतून उभ्या रंगीत रेघा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. खारा वारा आणि पावसाळी दमट हवा यांनी कार्डाच्या कडेचे सोनेरी पट्टे काळवंडतात, आणि चिपच्या पायांना हिरवट पूड धरते. डोळ्यांना कार्ड स्वच्छ दिसते. भिंग लावल्यावर कळते. मी पेन्सिलच्या मऊ खोडरबराने पट्टे एकाच दिशेने घासले. शाईचा खरखरीत रबर वापरू नका, मुलामा निघून जातो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, चिपच्या पायांमधून हलक्या हाताने. स्लॉटमध्येही अल्कोहोल लावलेली पट्टी दोन-चारदा वरखाली फिरवली. त्यानंतर एस३ लगेच उठले. ट्रायडंटच्या रेघा मात्र मेमरी चिप सॉकेटमधून काढून, पाय पुसून पुन्हा बसवल्यावर गेल्या.

आता तिन्ही कार्डे सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवतो. काम नसताना स्लॉटमध्येही ठेवत नाही.

२२ जून

पहिला मोड. जुन्या काळी प्रत्येक कंपनीचे मोड नंबर वेगळे होते, बँक (कार्डाच्या मेमरीचा एका वेळी दिसणारा भाग) बदलायची तऱ्हा वेगळी होती. व्हेसा या संघटनेने बायोसमध्येच (कार्डावरच्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये) एक समान दार करून दिले: इंटरप्ट १० ने बायोसला हाक मारायची, आणि प्रोसेसरच्या एएक्स या रजिस्टरमध्ये ४एफ०० पासून पुढची फंक्शने. ४एफ०० कार्डाची माहिती देते, ४एफ०१ एखाद्या मोडची माहिती देते, ४एफ०२ मोड लावते, ४एफ०५ बँक बदलते. ६४० × ४८० आणि २५६ रंगांचा मोड १०१.

आधी ट्रायडंट घेतले. ४एफ०० ला विचारले, तर एएलमध्ये (एएक्सच्या खालच्या अर्ध्यात) ४एफ परत आलेच नाही. म्हणजे या बायोसमध्ये व्हेसा नाही. बऱ्याच सुरुवातीच्या आयएसए कार्डांचे असेच आहे. व्हेसाचा टीएसआर (मेमरीत बसून राहणारा छोटा प्रोग्रॅम) वेगळ्या फ्लॉपीवर यायचा, आणि ती फ्लॉपी माझ्याकडे नाही. ट्रायडंट बाजूला ठेवले.

सिरसने एएक्समध्ये ००४एफ दिले. हे उत्तर प्रत्येक वेळी तपासा: एएल ४एफ असेल तर फंक्शन आहे, एएच (एएक्सचा वरचा अर्धा) शून्य असेल तर काम झाले. मॉनिटरवर ६४० × ४८०, ६० हर्ट्झ अशी पाटी आली आणि काळा पडदा. तो काळा पडदा पाहून फार आनंद झाला.

चाचणीसाठी दहा-दहा ओळींचे रंगीत आडवे पट्टे आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारी तिरकी रेघ, वरून खाली काढायला घेतली. खालचा पडदा काळाच राहिला आणि वरच्या भागात चित्रावर चित्र चढले. बाइटचे क्रमांक फाईलमध्ये छापून पाहिले तेव्हा कारण दिसले: ५१ व्या ओळीत, १२८ व्या पिक्सेलला क्रमांक उणे ३२,७६८ आला होता. टर्बो सीमध्ये इंट हा पूर्णांक १६ बिटांचा, ३२,७६७ च्या पुढे तो उणे होतो. ओळ गुणिले ६४० अधिक स्तंभ हे ज्यात साठवतो ते लाँग (३२ बिटांचे) असून भागत नाही, कारण गुणाकार आधीच इंटमध्ये होऊन चुकलेला असतो. गुणाकाराच्या आधी ओळीलाच लाँग करायला हवे. डॉसच्या बाहेर वाढलेल्यांना हे हमखास नडते.

३० जून

इंट दुरुस्त झाला, तरी चित्र बिघडलेलेच, पण वेगळ्या तऱ्हेने. सगळे पट्टे वरच्या १२१ ओळींत कोंबलेले आणि त्याखाली काळे. या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

६४० × ४८० म्हणजे ३,०७,२०० बाइट. पण प्रोसेसरला कार्डाची मेमरी ए००० या सेगमेंटवरच्या ६४ केबीच्या खिडकीतूनच दिसते. पहिले ६५,५३६ बाइट झाले की खिडकी पुढे सरकवायची, आणि असे पाच भाग. ६५,५३६ ला ६४० ने भागले तर १०२.४ येतात, म्हणजे खिडकीची हद्द १०२ व्या ओळीच्या मध्येच, २५६ व्या पिक्सेलला पडते. पुढची हद्द २०४ व्या ओळीत ५१२ व्या पिक्सेलला, मग ३०७ व्या ओळीत १२८ ला, मग ४०९ व्या ओळीत ३८४ ला. इथपर्यंत माझा हिशोब बरोबर होता.

गोम ४एफ०५ मध्ये आहे. त्याला डीएक्समध्ये जो क्रमांक देतो तो ६४ केबीच्या भागाचा क्रमांक नसतो. तो कार्डाच्या स्वतःच्या मापात असतो, आणि ते माप कार्डागणिक बदलते. याला ग्रॅन्युलॅरिटी म्हणतात. सिरसच्या या चिपवर बँक रजिस्टर ४ केबीच्या पायरीने चालते. एक बिट बदलून १६ केबीचीही पायरी करता येते. माझ्या कार्डाच्या बायोसने ४ सांगितले. मी डीएक्समध्ये १ दिला की खिडकी ४ केबीच सरकत होती, म्हणजे सहा ओळी आणि २५६ पिक्सेल. दुसरा भाग पहिल्याच्या अंगावर, तिसरा दुसऱ्याच्या अंगावर. चौथ्या भागाचे शेपूट १२१ व्या ओळीत संपत होते, म्हणून खाली काळे.

उपाय: ४एफ०१ ला मोड १०१ ची माहिती विचारायची. २५६ बाइटचा तक्ता येतो. त्यात ४ थ्या बाइटपासून दोन बाइटमध्ये ग्रॅन्युलॅरिटी, केबीमध्ये. ६४ ला तिने भागायचे, इथे १६ आले. भागाचा क्रमांक गुणिले १६, तो डीएक्समध्ये. पट्टे जागेवर बसले आणि तिरकी रेघ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात कुठेही न मोडता गेली.

हाच प्रोग्रॅम मी आधी एस३ वर चालवला असता तर चुकीचा असूनही बरोबर चालला असता, कारण एस३ ची पायरी ६४ केबीचीच आहे. जुने सोर्स कोड उचलून वापरताना हे लक्षात ठेवा. लिहिणाऱ्याच्या कार्डावर ते चाललेले असते, आणि त्या कार्डाचे आकडे त्यात गुपचूप पक्के बसलेले असतात. याच तक्त्यात १६ व्या बाइटपासून एका ओळीला किती बाइट हेही दिलेले असते. तेही वाचा आणि गुणाकारात ६४० ऐवजी तेच वापरा.

७ जुलै

फोटो. लॅपटॉपवर ६४० × ४८० ला कापला, २५६ रंगांत आणून ८ बिटांची बीएमपी केली. भाचा शेजारी बसला होता. चित्र खालून वर उमटत गेले, कारण बीएमपीत शेवटची ओळ आधी असते. आधी पाणी आले, मग तटबंदी.

“मामा, किल्लो निळो कित्याक दिसता?” त्याने विचारले.

जांभ्याचा तट निळसर आणि समुद्र मातकट. बीएमपीच्या तक्त्यात रंगांचा क्रम निळा, हिरवा, लाल आणि एक रिकामा बाइट असा असतो. कार्डाला पोर्ट ३सी८ वर रंगाचा क्रमांक दिला की ३सी९ वर लाल, हिरवा, निळा या क्रमाने हवे असते. क्रम उलटवला, तट तांबूस झाला.

आकाश मात्र अजून विचित्र होते. क्षितिजापासून वर जाताना रंग उजळत जायचा आणि एकदम काळोखा व्हायचा, पुन्हा उजळायचा, पुन्हा काळोखा. व्हीजीएचा रंगतक्ता प्रत्येक घटकाला ६ बिटांचा, म्हणजे ० ते ६३. बीएमपीतले आकडे ० ते २५५. वरचे दोन बिट गळतात, म्हणून ६४ पुन्हा शून्य होतो. प्रत्येक आकडा दोन बिट उजवीकडे सरकवला की झाले.

त्यानंतर चित्र बरोबर आले, पण आकाशात पायऱ्या दिसत होत्या. संध्याकाळचे आकाश हा २५६ रंगांसाठी अवघड विषय आहे: केशरीपासून राखाडी निळ्यापर्यंत शेकडो छटा, आणि त्यांना वाट्याला येतात तीसचाळीस रंग, कारण बाकीचे तट, माड आणि पाणी घेऊन बसतात. लॅपटॉपवर रंग कमी करताना फ्लॉइड-स्टाइनबर्ग डिदरिंग चालू केले. प्रत्येक पिक्सेलला रंग बदलताना जी चूक राहते ती शेजारच्या पिक्सेलांत वाटून टाकली जाते. जवळ जाऊन पाहिले तर आकाशात केशरी आणि राखाडी कण शेजारी शेजारी दिसतात. हातभर मागे सरलो की पायऱ्या पुसून जातात आणि पाण्यावरचा तांबूस उजेडही येतो. या यंत्रावर असे आकाश पाहायला मिळेल असे वाटले नव्हते.

१३ जुलै

पाऊस आणि लाईटची ये-जा. टर्बो सीच्या खिडकीत लिहीत असताना लाईट गेली, न साठवलेले सगळे गेले, आणि कॉम्पॅक्ट फ्लॅशवरची फाईलही शून्य बाइटची झाली. आता दर थोड्या वेळाने एफ२ दाबतो आणि उठताना सोर्स लॅपटॉपवर घेतो. यंत्र इन्व्हर्टरवर टाकले. बाकी काही झाले नाही.

२१ जुलै

वेग. पहिल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पिक्सेलला ४एफ०५ चा इंटरप्ट मारत होतो. चित्र डोळ्यांदेखत ओळ ओळ चढत होते. दोन बदल केले.

पहिला, चालू बँक एका व्हेरिएबलमध्ये लक्षात ठेवायची आणि बदलली तरच कार्डाला सांगायचे. अख्ख्या चित्रात बँक फक्त चार वेळा बदलते, म्हणजे जवळपास सगळे इंटरप्ट वायफळ होते. सगळ्यात मोठा फरक याच बदलाने पडला.

दुसरा, मोडच्या तक्त्यात १२ व्या बाइटपासून चार बाइटचा एक पत्ता असतो. तो बँक बदलणाऱ्या रुटीनचा असतो. इंटरप्ट न करता थेट फार कॉल (दुसऱ्या सेगमेंटमधल्या रुटीनला हाक) करता येतो. बीएक्स आणि डीएक्स तसेच भरायचे. लक्षात ठेवा, या मार्गाने एएक्समध्ये यशाचे उत्तर येत नाही, आणि एएक्स-डीएक्स परत येताना बिघडलेले असतात. असेंब्लीत डीएक्समध्ये लूपचा आकडा ठेवला होता, तो नाहीसा व्हायचा.

शिवाय पिक्सेल पिक्सेल टाकण्यापेक्षा ओळ एकदम कॉपी करतो. ओळीत हद्द येत असेल तर दोन तुकडे. चारही हद्दींच्या ओळी वर दिल्याच आहेत, पण प्रोग्रॅमने त्या स्वतः काढाव्यात.

४ ऑगस्ट

एस३. नोव्हेंबर १९९४ मध्ये आलेल्या व्हीबीई २.० मध्ये, म्हणजे व्हेसाच्या याच फंक्शनांच्या पुढच्या आवृत्तीत, खिडकीची कटकट मिटली: कार्डाची सगळी मेमरी सलग, वरच्या एखाद्या पत्त्यावर. मोडच्या आकड्यात ४००० मिळवायचे, म्हणजे ४१०१. माझ्या एस३ च्या बायोसने आपली आवृत्ती १.२ सांगितली, म्हणून एस३व्हीबीई हा टीएसआर आधी चढवला. मग २.० मिळाले.

तो पत्ता एक एमबीच्या खूप वर असतो, त्यामुळे टर्बो सीचा रिअल मोड (प्रोसेसरची एक एमबीपुरतीच पाहणारी जुनी अवस्था) इथे पुरत नाही. डीजेजीपीपी हा प्रोटेक्टेड मोडचा (त्यापलीकडची मेमरीही वापरणारा) कंपायलर घेतला. ४एफ०१ ला विचारले तर तक्ता कोराच परत आला, सगळे शून्य, आणि एएक्स मात्र ००४एफ. कारण बायोस रिअल मोडमध्ये चालते. त्याला दिलेली जागा पहिल्या एक एमबीच्या आतच हवी. माझा बफर प्रोटेक्टेड मोडच्या मेमरीत होता, आणि बायोस भलत्याच ठिकाणी लिहून मोकळे होत होते. डीजेजीपीपीचा ट्रान्सफर बफर यासाठीच असतो. तो वापरला, तिथून तक्ता आपल्याकडे कॉपी केला, आणि ४० व्या बाइटपासून चार बाइटमध्ये खरा पत्ता मिळाला. तो डीपीएमआयच्या (डॉसमध्ये प्रोटेक्टेड मोडच्या प्रोग्रॅमना मदत करणाऱ्या व्यवस्थेच्या) ०८०० फंक्शनने जोडून घेतला. हा पत्ता प्रोग्रॅममध्ये पक्का लिहू नका. पीसीआयवर तो यंत्र चालू होताना ठरतो. कार्ड दुसऱ्या यंत्रात गेले की बदलू शकतो.

मग चार-चार बाइट एकदम, सलग, कुठे हद्द नाही. कळ दाबल्याबरोबर चित्र पडद्यावर.

१८ ऑगस्ट

उद्या नारळी पौर्णिमा, दुकान बंद, म्हणून आज रात्री ट्रायडंट पुन्हा लावले. व्हेसा नाही, तर चिपशी थेट बोलायचे. मोड जुन्याच रीतीने लागतो: एएच शून्य, एएल ५डी. बँकेसाठी पोर्ट ३सी४ वर आधी ०बी रजिस्टर नुसते वाचायचे, त्याने चिप नव्या मोडमध्ये जाते. मग ०ई रजिस्टरमध्ये बँकेचा क्रमांक.

चित्राचे पाच आडवे तुकडे झाले. पहिले दोन तुकडे तिसऱ्या-चौथ्याच्या जागी आणि तिसरा-चौथा वर. आकाश मध्ये, तट डोक्यावर. शिवाय तुकडे आडवेही १२८ पिक्सेल सरकलेले, वरचे एकीकडे, खालचे दुसरीकडे. शेवटची पट्टी, ४०९ व्या ओळीपासून खालची, कोरी.

याचा अर्थ लागला तेव्हा फार बरे वाटले. ट्रायडंटमध्ये बँक लिहिताना बिट १ उलटा धरला जातो. शून्य लिहिला की बँक २ लागते, १ लिहिला की ३, २ लिहिला की शून्य, ३ लिहिला की १. दोन बँका म्हणजे १,३१,०७२ बाइट, म्हणजे २०४ ओळी आणि वर ५१२ पिक्सेल. १२८ चे आडवे सरकणे त्यातूनच आले. आणि ४ लिहिला की बँक ६. ती ५१२ केबीच्या कार्डावर आहे, पण दिसणाऱ्या भागाच्या बाहेर, म्हणून शेवटची पट्टी तिथे लिहिली जात होती आणि पडद्यावर कोरे. क्रमांक २ शी एक्सॉर करून, म्हणजे बिट १ आधीच उलटवून, लिहिला. पाचही तुकडे जागेवर.

ज्यांच्याकडे ट्रायडंट आहे त्यांनी पाच बँकांना पाच वेगळे रंग भरून आधी हाच प्रयोग करावा. कोणता रंग कुठे उमटला यावरून बँकेची चूक लगेच ओळखता येते.

१ सप्टेंबर

गणपतीला घर भरेल, त्याआधी सिरसवर एकामागून एक फोटो दाखवायचे होते. १ एमबीत ६४० × ४८० चे दोन पडदे बसतात: ६,१४,४०० बाइट. दुसरा फोटो ४८० व्या ओळीपासून खाली, न दिसणाऱ्या भागात लिहायचा आणि ४एफ०७ ने पडद्याची सुरुवात तिथे न्यायची: सीएक्स शून्य, डीएक्स ४८०. बँकेचे गणित तसेच चालते, कारण ओळीचा क्रमांकच मोठा झालेला असतो.

अडचण रंगांची आली. रंगतक्ता एकच, फोटो दोन. तक्ता आधी बदलला तर जुना फोटो क्षणभर भलत्या रंगांत भडकतो, नंतर बदलला तर नवा. ३डीए पोर्टच्या बिट ३ वर उभा रिट्रेस (पडदा रंगवून झाल्यावर पुन्हा वर जाण्याचा क्षण) पाहून बदलला तरी आयएसएवर झटका दिसतच होता. शेवटी तक्त्यातले सगळे रंग हळूहळू शून्यावर आणतो, काळ्यात पडदा बदलतो, नवा तक्ता चढवतो आणि पुन्हा उजळवतो. मेमरीतल्या चित्राला हात न लावता नुसत्या ७६८ आकड्यांवर हे होते, म्हणून १३३ चा पेंटियम सहज झेपवतो.

सध्या प्रोग्रॅम सुरू होताना कार्डाला ग्रॅन्युलॅरिटी, खिडकीचे माप, ओळीचे बाइट, बँकेच्या रुटीनचा पत्ता आणि एकूण मेमरी एवढे विचारतो, आणि त्यावरूनच पुढचे सगळे ठरवतो. सिरस आणि एस३ वर तीच ईएक्सई चालते. ट्रायडंटचा भाग वेगळ्या फाईलमध्ये आहे, आणि व्हेसाचे उत्तर आले नाही तरच तो वापरला जातो. पण ते ५डी मोड लावण्याआधी चिप खरोखर ट्रायडंटच आहे का हे अजून तपासत नाही, त्यामुळे व्हेसा नसलेल्या दुसऱ्या कार्डावर हा प्रोग्रॅम अजून चालवू नका. पुढचे काम १०२४ × ७६८, मोड १०५: बरोबर १२ बँका, प्रत्येकीत ६४ पूर्ण ओळी, एकही ओळ मध्ये तुटत नाही.